आत्याबाईंचे बिनभोकाचे डोनट

मेलेल्या माणसाला मरायची परवानगी न देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या निघाली. नवऱ्याला सुखानं बसू न देणाऱ्या बायका घरोघरी असतात. त्यांत माझंही नाव घेतलं जातं, ते मी मनावर घेत नाही. पण आमचे आतोबा पैनगंगेच्या पुरात डोंगा उलटून गेले, बाकीचे सगळे पोहून काठाला लागले, आतोबा तेवढे सापडले नाहीत, आणि आत्याबाईंनी ते 'सापडले नाहीत' जे धरून ठेवलं ते ठेवलंच. "सापडले नाही म्हंजे गेले नाही," असं त्यांचं सरळ म्हणणं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या आणि दर शनिवारी दुपारी नवऱ्यासाठी चढवलेली कढई. कढईत काय, तर डोनट! मैद्याचे फुगवलेले गोड वडे, वरून साखर-दालचिनी लावलेले. आज हे शहरातल्या बेकऱ्यांत काचेआड मांडलेले दिसतात. पण मी सांगते आहे तो काळ तेलंगणा वेगळं होण्याआधीच्या आंध्र प्रदेशाचा, आणि गाव आदिलाबादला चिकटलेलं आमचं मावला, जिथे बिस्किटाचा पुडासुद्धा पाहुणा आला तरच फुटायचा.

मी पैनगंगेपल्याडची, पांढरकवड्याची. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंची खोली आमच्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. पहिल्याच शनिवारी भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं अशा वेळी, त्या खोलीकडून असा गोड, ऊबदार, कधी न घेतलेला वास आला की मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाईंकडे कोन आलं?" सासूबाई तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिचे मालक आले असतीन." मी लगबगीनं पदर डोक्यावर घेतला, म्हटलं पाया पडून यावं. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि तिचे मालक कुठे गेलेत ते सांगितलं. उन्हाळ्याचे दिवस होते, अंगणातली फरशी पायाला चटके देत होती, आणि माझे पाय मात्र गार पडले. सासूबाई पुन्हा तुरीतले खडे काढायला लागल्या.

आतोबा होते खानसामा. कागजनगरकडे एका कारखान्यावर आलेल्या गोऱ्या इंजिनियरच्या बंगल्यावर स्वयंपाक करायचे. तिथल्या मडमेनं त्यांना डोनट शिकवले. शनिवारी सुटी मिळाली की दुपारच्या बसनं ते मावल्याला यायचे, आणि आठवडाभर साहेबाची चूल फुंकून आलेला हा माणूस घरी येऊन पुन्हा चुलीपुढेच बसायचा! ते बघायला म्हणे शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहत. मडमेकडे पीठ फुगवायला डब्यातलं खमीर असे, मावल्यात ते कुठून आणायचं? आतोबांनी पिठात ताजी शिंदी ओतली, सकाळी झाडावरून उतरवलेली, ताडीसारखी चढणारी. पीठ असं फुगलं की झाकणासकट वर आलं. तेव्हापासून तीच रीत. एकादशी न मोडणाऱ्या आत्याबाई दर शनिवारी सकाळी पदराआड तांब्या धरून शिंदीच्या झाडांकडे जाताना दिसायच्या. नव्या पटवाऱ्याच्या बायकोनं चारचौघींत म्हटलं, "म्हातारी शनिवारची पिते." आत्याबाईंच्या कानावर ते गेलं. त्या फुगलेल्या पिठाचं पातेलं कमरेवर घेऊन तिच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "मी नाही पीत वो बाई, हे पिते. पाह्य, पिऊन कसं सुजलं ते!"

दालचिनी आमच्या दुकानातून जायची. आदिलाबादच्या बाजारात आमचं किराण्याचं छोटं दुकान होतं. आत्याबाई आल्या की माझा नवरा गिऱ्हाईक सोडून आत दडायचा. कारण त्या एकेक काडी उचलायच्या, नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि फेकून द्यायच्या. "ही बाभळीची साल हाये." "आत्या, हैदराबादहून आली आहे." "मंग? हैदराबादेत बाभळी नसतात काय?" पसंत पडलेली दालचिनी खलबत्त्यात कुटायची, साखरेत कालवायची, आणि गरम डोनट त्यात घोळवायचा. पिठाला लाटणं लावायचं नाही, ओल्या हातानं थापायचं. तळताना कोणी बोलायचं नाही. कढईजवळ कोणी "किती झाले?" असं विचारलं तर झारा उगारायच्या. बोललं की तळण तेल पितं, असं आमच्याकडे सगळ्याच म्हाताऱ्या म्हणतात. पण आत्याबाईंचा धाक असा, की तेलसुद्धा त्यांच्यापुढे दबकत तडतडायचं.

आता खरी गोष्ट भोकाची. डोनटला मधे भोक असतं, हे आज लहान लेकरालाही ठाऊक आहे. पण आमच्याकडे भोकाचा वडा तळला जातो तो फक्त गेलेल्यांसाठी. पितृपक्षात, श्राद्धाला, पानावर भोकाचे वडे वाढायचे आणि कावळ्याला हाक मारायची. एरवी सणावाराला, लग्नकार्यात वडा करायचा तो भरीव. चुकून एखाद्या सुनेच्या वड्याला मधे छिद्र पडलं तर सासू तो कढईत जायच्या आत बुजवते. आणि आतोबा तर दर शनिवारी खुशाल भोकाचे वडे तळायचे! म्हणायचे, "अवो, भोक नाही पाडलं तर आत कच्चं राह्यते." आत्याबाई हसून सोडून द्यायच्या. पण एका शनिवारी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्या बोलून गेल्या, "कोनाचं श्राद्ध हाये घरात, रोजचे भोकाचे वडे ते?" दुसऱ्याच दिवशी आतोबा एका सोयरिकीच्या बोलणीसाठी नदीपलीकडे जायला निघाले, आणि डोंगा उलटला.

तेव्हापासून आत्याबाईंच्या डोनटला भोक नाही. भोक पाडलं की ते मेले, नाही पाडलं तोवर ते आहेत, इतकं ते सरळ होतं. आणि आतोबांचं म्हणणं खरं असल्यामुळे डोनट बाहेरून काळपट तांबडे आणि आतून कच्चा गोळा. आमचं सगळं घर वर्षानुवर्षं ते कच्चे डोनट प्रसादासारखे गिळत होतं. माझ्या नवऱ्यानं एकदा हळूच म्हटलं, "आत्या, मधे थोडं ओलं लागते." त्या दिवशी त्याला जेवण मिळालं नाही. माझ्या हातचं सुद्धा नाही, कारण आत्याबाई माझ्या चुलीपुढे येऊन बसल्या होत्या.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हा काय सांगू! कावळ्यांशी त्यांचं उभं वैर. तळण सुरू झालं की एक कावळा कौलाच्या कडेवर येऊन बसायचा आणि मान वाकडी करून कढईकडे बघायचा. आत्याबाई त्याला हिंदीत झापायच्या, कारण हिंदी आम्ही परक्यांशी बोलतो. "ए, चलो! तुमारा यहाँ क्या काम? इस घर में कोई नहीं मरा!" बसमध्ये शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून दाराकडे तोंड करून बसायच्या. कंडक्टरनं पिशवी उचलायला सांगितलं की तेलुगूत ठणकावायच्या, "मनिषि उन्नाडु!" माणूस आहे इथं! कंडक्टर त्या रिकाम्या जागेकडे बघायचा, मग आत्याबाईंच्या कुंकवाकडे बघायचा, आणि का कोण जाणे, पुढच्या प्रवाशाला मागे पाठवायचा. स्वतःच्या कुलूप लावलेल्या खोलीची कडी आधी वाजवायच्या, खाकरायच्या, जरा थांबायच्या आणि मग कुलूप काढायच्या. "काऊन वो आत्याबाई?" मी विचारलं. "झोपले असतीन. दचकतात ते," त्या म्हणाल्या. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे येईनासं झालं.

कारण ताट रिकामं व्हायचं. डोनट तळून झाले की आमच्या वाटणीचे बाजूला काढायचे, आतोबांचं ताट त्यांच्या पाटापुढे मांडायचं, फळीवर पाण्याचा ग्लास भरून ठेवायचा, आणि खोलीला बाहेरून कडी घालून आम्ही दोघी ओसरीवर अंबाडी निवडत बसायचो. दुपारची बस वळणावर हॉर्न द्यायची. आत्याबाईंचे हात थांबायचे. सगळीकडे असं सामसूम व्हायचं की अंबाडीचं पान खुडलेलंही ऐकू यावं. जरा वेळानं त्या म्हणायच्या, "बसले." आणि पुन्हा खुडायला लागायच्या. उन्हं उतरली की कडी काढायची. ताटात साखरेचा कणसुद्धा नसायचा. फळीवरचा ग्लास रिकामा, आणि उपडा घातलेला. पाणी पिऊन झालं की ग्लास धुऊन उपडा ठेवायचा, ही आतोबांची बंगल्यावरची सवय होती, असं सासूबाईंनी मला सांगितलं. आमच्याकडे कोणी ग्लास उपडा ठेवत नाही.

मी तशी भिणारी नाही. पांढरकवड्याला आमचं घर मसणवटीच्या रस्त्यावर होतं. मी ठरवलं की ह्याचा छडा लावायचा. एका शनिवारी खोलीच्या वितीएवढ्या जाळीत बोळे कोंबले, कौलं खालून तपासली, पाटाखाली, खाटेखाली झाडू घातला, आणि कडीला कुलूप लावून किल्ली माझ्या कमरेला खोचली. आत्याबाई नुसत्या बघत राहिल्या. बस गेली. मी दाराला कान लावला. आधी काहीच नाही. मग आत फळीवर टक्क असा आवाज झाला, काचेचा लाकडावर होतो तसा. मी अशी मागे सरले की अंबाडीची टोपली कलंडली. कुलूप काढलं तर ताट लख्ख, ग्लास उपडा. मी म्हटलं, "उंदीर असतीन." आत्याबाईंनी ग्लास उचलून पदरानं पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "उंदीर ग्लास उपडा नाही घालत, सूनबाई." त्या दिवसापासून मीही ती कडी वाजवल्याशिवाय काढली नाही.

असं चाललं होतं. मग एका पितृपक्षात मुधोळचे त्यांचे धाकटे दीर आले. मनानं भला माणूस, पण घरात दोन लग्नं मोडली होती, एक बैल दगावला होता, आणि कोणीतरी सांगितलं होतं की तुमच्या थोरल्याचे दिवस झाले नाहीत, तो अडकला आहे. नेमका शनिवार. आत्याबाईंनी त्यांच्यापुढे डोनटची बशी ठेवली. त्यांनी घास घेतला आणि तोंडातल्या कच्च्या पिठाचं काय करावं ते त्यांना समजेना. कसंबसं गिळून म्हणाले, "वहिनी, आता दादाचं करून टाकू. त्याची वाट अडली हाये."

"गेलेल्याची वाट अडते. हे कुटं गेले?"

"किती वर्षं झाली वहिनी! तुमी धरून ठेवलं म्हनून तो..."

"मी धरलं? नवऱ्याले धरू नाही तर काय पटवाऱ्याले धरू?"

दीर हसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "तो उपाशी असंन वहिनी. जित्त्यायचं अन्न त्यायले लागत नाही." आत्याबाईंनी त्यांच्या पुढची बशी उचलली, दाराबाहेर बोट दाखवलं, आणि दीर गेले. पण 'उपाशी' हा शब्द घरातच राहिला. आत्याबाई ताट मांडायला आत गेल्या, आणि ओसरीवर येऊन बसल्या त्या रिकाम्या हातानं. अंबाडी तशीच पडली होती.

बसचा हॉर्न झाला. त्या दिवशी त्यांनी "बसले" म्हटलं नाही. उन्हं उतरली तेव्हा कडी वाजवून आम्ही दार उघडलं. ताट रिकामं नव्हतं. प्रत्येक डोनटची कड गोल फिरून खाल्लेली होती, आणि मधला कच्चा गोळा तेवढा ठेवलेला. सगळे गोळे ताटाच्या कडेला ओळीनं लावलेले होते, शहाणं लेकरू नको असलेला मिरचीचा तुकडा ताटाच्या कडेला काढून ठेवतं ना, तसे. ग्लास उपडा होता. मी आत्याबाईंचा दंड धरला. वाटलं होतं त्या ओरडतील. त्या खाली बसल्या, एक गोळा बोटांनी दाबून पाहिला, पीठ बोटाला चिकटलं.

"लाजेनं खात होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं लाजेनं खाल्लं असंन सूनबाई. मी करून घालते म्हनून. आता नाही जात त्यायच्यानं." मग त्या जे रडल्या! नदीवरून लोक परत आले तेव्हाही म्हणे रडल्या नव्हत्या. "खानसाम्याले कच्चं खाऊ घातलं मी. मरू बी नाही देल्लं, अन् जेवू बी नाही." मी नुसती त्यांची पाठ चोळत राहिले आणि त्यांच्याबरोबर रडले.

पुढचा शनिवार सर्वपित्री अमावास्येचा आला. आत्याबाईंनी मुधोळला निरोप पाठवून दिरांना बोलावलं. सकाळी शिंदी आली, पीठ फुगलं, ओल्या हातानं थापलं, वाटीनं गोल कापले. मग त्यांनी ट्रंकेतून आतोबांच्या खोबरेल तेलाच्या बाटलीचं टोपण काढलं. ह्याच टोपणानं ते भोक पाडायचे. टोपण पिठावर धरलं, आणि हात खाली जाईना. तेल तापून धूर सुटायला लागला, मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मी पाडू का?" मी विचारलं. "नको. त्यायले वाटंन मी रागावली म्हनून दुसऱ्याच्या हातानं धाडलं." त्यांनी डोळे मिटले आणि टोपण दाबलं. काहीच आवाज झाला नाही. मऊ पीठ, त्याचा काय आवाज होणार? पण मला वाटलं, खोलीतून कोणीतरी उठलं.

पहिला डोनट असा सोनेरी तळला गेला की आत्याबाई बघतच राहिल्या. मोडून पाहिला. आत जाळीदार, पक्का शिजलेला. "बरोबर सांगत होते हो," त्या म्हणाल्या. भोकाचे सगळे तळून ताटात लावले. परातीत भोकांतून निघालेले पिठाचे छोटे गोळे उरले होते. मी ते पुन्हा मळायला घेतले, तर त्यांनी माझा हात अडवला, गोळे तसेच कढईत सोडले, साखर-दालचिनीत घोळवले आणि वाटीत काढून माझ्यापुढे ठेवले. "भोकाचे त्यायचे," त्या म्हणाल्या, "हे मधले आपले." आणि ज्या बाईनं इतकी वर्षं दर शनिवारी तळून एकदाही तोंडात टाकला नव्हता, तिनं एक गरम गोळा उचलून खाल्ला. दीर दारातून त्यांच्या कपाळाकडे बघत होते. "पाहता काय?" आत्याबाई म्हणाल्या. "ते गेले. मी हाये अजून." कुंकू त्यांनी शेवटपर्यंत लावलं, कोणाची बोलायची छाती झाली नाही.

विधी झाला. कावळ्यानं घास घेतला. पुढच्या शनिवारी सवयीनं ताट मांडलं, कडी घातली, आम्ही ओसरीवर बसलो. बस आली, गेली. दार उघडलं तर ताट होतं तसं भरलेलं, आणि ग्लासातलं पाणी काठोकाठ. आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "पोचले." त्यानंतर त्यांनी कधी शनिवारची कढई चढवली नाही. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसायला लागल्या. एकदा मी पाहिलं, कडी न वाजवता त्यांनी सरळ दार उघडलं, आत गेल्या, आणि दार लावून घ्यायचं विसरल्या. इतकी वर्षं त्या घरात कोणी येतं म्हणून मी भीत होते. आता कोणी येत नाही, हे मला सोसवेना. शनिवारच्या दुपारी बसचा हॉर्न झाला की मी हातातलं काम टाकून त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायची. आम्ही दोघी अंबाडी खुडत बसायचो, आणि आत काही वाजायचं नाही.